जुना 'कोलमन' स्टोव्ह पुन्हा पेटवायचाय? रंगाच्या डब्याआधी साबणाचं पाणी घ्या

गंजलेला हिरवा डबा, त्याला लटकलेली लाल टाकी. तीस सेकंदांत रंग खरवडला जातो, नवा स्प्रे बसतो आणि निळी ज्योत पेटते. अशा रील्स बघायला मजा येते. पण त्यात बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाचा भाग कापलेला असतो.

हा स्टोव्ह आहे तरी काय?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात कोलमन कंपनी वाढली. तिने १९२३ मध्ये पहिला कॅम्प स्टोव्ह बाजारात आणला. पुढे सुटकेससारखा मिटणारा दोन बर्नरचा हिरवा स्टोव्ह तिकडच्या घराघरांत पोहोचला. तो आज आजोबांच्या गॅरेजमधून बाहेर येतो.

आपल्याकडच्या पितळी स्टोव्हचं घराणं वेगळं. तो स्वीडनच्या १८९२ च्या 'प्रायमस'चा वंशज. त्यात रॉकेल, आधी बर्नर तापवायचा आणि ज्योत अडली की पिन मारायची. तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच. पंपाने टाकीत हवा भरायची, तिच्या दाबाने इंधन वर चढतं, गरम नळीत त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून बाहेर पडून ती जळते. कोलमनमध्ये ही नळी, म्हणजे 'जनरेटर', थेट ज्योतीवरून जाते.

मोठा फरक इंधनाचा आहे. कोलमनला 'व्हाइट गॅस' लागतो, म्हणजे कोणतेही पदार्थ न मिसळलेलं हलकं पेट्रोल. ते साध्या तापमानालाही भराभर उडतं. म्हणूनच रॉकेलच्या पितळी स्टोव्हमध्ये पेट्रोल ओतणं म्हणजे आगीशी खेळ. आणि म्हणूनच कोलमनच्या टाकीतली बारीकशी गळतीही गंभीर असते, कारण टाकी ज्योतीपासून जेमतेम वीतभर लांब असते.

आधी गळती, मग रंग

टाकी रिकामी करून उघड्यावर पूर्ण वाळू द्यावी. मग इंधन न भरताच पंप मारावा आणि झाकण, व्हॉल्व्ह, टाकीचे सांधे यांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे.

झाकणाजवळ बुडबुडे असतील तर घाबरायचं कारण नाही. आतलं रबरी वायसर वर्षानुवर्षांत दगडासारखं कडक होतं, ते बदलावं. पण टाकीच्या पत्र्यातूनच बुडबुडे येत असतील तर ती टाकी बाद. एम-सील लावून वर रंग मारला की भोक फक्त दिसेनासं होतं, दाब आणि पेट्रोल आपलं काम करतच राहतात.

पंप मारताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर बऱ्याचदा दांड्याच्या टोकाचं चामडी वायसर सुकलेलं असतं. तेलाचे काही थेंब आणि रात्रभराची विश्रांती, एवढ्यानेही ते फुगून कामाला लागतं. संपूर्ण दुरुस्तीतलं हे सगळ्यात स्वस्त आणि समाधान देणारं काम! ज्योत पिवळी, धुरकट येत असेल तर जनरेटरमध्ये काजळी साचल्याचा संशय घ्यावा.

रंग खरवडताना

अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या स्टोव्हच्या रंगात शिसं असू शकतं, हे धरूनच चालावं. कोरडा सँडपेपर घासला की ती धूळ श्वासात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा धोका सर्वाधिक. त्यामुळे ओला वॉटर पेपर, चांगला मास्क आणि स्वयंपाकघरापासून लांबची जागा हवी. रंग टॉर्चने जाळून काढणं तर नकोच.

नव्या रंगासाठी साधा ऑइल पेंट चालत नाही. बर्नरभोवती तो करपतो आणि टाकीवर इंधन सांडलं की सुरकुततो. त्याऐवजी उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसणारा इंजिन इनॅमल वापरतात. डब्यावरच्या सूचनांप्रमाणे तो पूर्ण पक्का होऊ द्यावा लागतो. घाई केलेल्या टाकीवर पहिल्याच वेळी इंधन भरताना डाग पडतात. झाकणाचे आटे, व्हॉल्व्ह आणि बर्नरची छिद्रं मास्किंग टेपने झाकायची, भांडं ठेवायच्या जाळीला रंग लावायचाच नाही.

पहिल्यांदा पेटवताना स्टोव्ह अंगणात, सपाट जमिनीवर ठेवावा. नव्या रंगाचा थोडा वास येईल. पेट्रोलचा वास आला तर मात्र लगेच व्हॉल्व्ह बंद.