प्रयोगातील क्रम आणि वारसा

‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने लिहून ‘शाईचा रंग सांगा’ म्हटले, तर साक्षर मनुष्य क्षणभर अडखळतो. वाचनाची सवय आड येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी हे १९३५ साली प्रयोगाने दाखविले.

आता समजा, एखाद्याने रंगाशी जुळणारे शब्द सगळे आधी दाखविले आणि न जुळणारे सगळे शेवटी. शेवटी वेळ अधिक लागला, तर तो शब्दांमुळे की थकव्यामुळे? उत्तर देता येणार नाही. सारे श्रम फुकट! म्हणून क्रम ही गौण बाब नव्हे. निष्कर्षाचा खरेपणा तिच्यावरच उभा असतो.

आज असे प्रयोग संगणकाच्या ब्राउझरमध्ये होतात. त्यासाठी जोशुआ द लियूव यांनी जावास्क्रिप्ट भाषेत ‘जेएससाइक’ हे साधन रचले. त्यावरील त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. यात प्रयोग म्हणजे ‘टाइमलाइन’, अर्थात कृतींची यादी. या यादीच्या पोटात दुसरी यादी घालता येते.

येथे वारसा येतो. दोन कृतींमधील विराम अर्धा सेकंद, असे बाहेरच्या यादीस एकदा सांगितले की आतील प्रत्येक कृतीस तो लागू होतो. मात्र एखाद्या कृतीने स्वतःचा विराम वेगळा सांगितला, तर तिच्यापुरता तोच चालतो. तोच आकडा पन्नास ठिकाणी लिहिण्याचा, आणि एखादे ठिकाण चुकण्याचा, धोका टळतो.

क्रमाचे काय? प्रत्येक फेरीत आधी अधिक-चिन्ह, मग शब्द, अशा दोन कृती यादीत असतात. शब्द आणि रंग यांच्या जोड्या वेगळ्या कोष्टकात देतात. ‘क्रम पिसा’ म्हटले की या जोड्या पिसल्या जातात; आधी चिन्ह, मग शब्द हा नेम मोडत नाही. सराव पुरेसा होईपर्यंत यादी पुन्हा चालविणे, किंवा अट न जुळल्यास ती गाळणे, हेही साधते.

एक बारकावा ध्यानी घ्यावा. चार जोड्या दहा वेळा दाखवायच्या आहेत. दर फेरीस चारही पिसल्या, तर एकच जोडी लागोपाठ दोनदांहून अधिक येत नाही. चाळीसही एकदम पिसल्या, तर ती चार-पाच वेळाही येईल. संगणक दोन्ही आज्ञा मुकाट पाळतो. तेव्हा कोणती पद्धत हवी, हे प्रयोगापूर्वीच ठरवावे आणि अहवालात स्पष्ट नोंदवावे.