लुळे मनगट आणि ‘आखडण्या’ची भीती

दंडाचे हाड मोडून, किंवा दंडात भलत्या जागी सुई टोचली जाऊन, रेडियल मज्जातंतूस इजा झाली, मनगट खाली लोंबू लागले आणि ते उचलून धरणारा स्प्लिंट बांधून रुग्ण घरी आला, की आप्त, शेजारी आणि हाडवैद्य एकमुखाने फर्मान काढतात : ‘हे बांधू नका, बांधलेला हात आखडतो, मोकळा सोडा, आपोआप बळ येईल.’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे, आणि तो मानून मनगट ताठरून बसलेले इतके हात पाहिले आहेत, की त्याचा समाचार सविस्तर घेणे जरूर वाटते.

रेडियल मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून, त्याला जवळजवळ लगटून खाली उतरतो. सबब हाड मध्यावर मोडले की तोही सापडू शकतो. शाओ आणि सहकाऱ्यांनी 2005 साली ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’त पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात अशा अस्थिभंगांपैकी सुमारे 12 टक्क्यांत ही इजा आढळली, आणि त्यांतले सुमारे 88 टक्के रुग्ण अखेरीस सुधारले. म्हणजे निराशेचे कारण नाही, पण मुदत मात्र लागते. सेडन यांनी 1943 साली केलेल्या वर्गीकरणानुसार तंतू केवळ बधिर झाला असेल तर तो काही आठवड्यांत जागा होतो. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतात, आणि दंडाच्या मध्यापासून मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंतचे 10-12 सेंटिमीटर अंतर कापण्यात 3 ते 4 महिने जातात. तोवर स्नायूला हुकूमच पोहोचत नाही. ज्याला हुकूम पोहोचत नाही तो मोकळा सोडल्याने बळावेल, हे म्हणणे कोणत्या आधारावर?

वाचकाने येथेच एक प्रयोग करावा : मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ घट्ट आवळून पाहावी, आणि मग तेच मनगट किंचित वर उचलून पुन्हा पाहावी. पहिल्या मुठीत जोर येतच नाही, कारण मनगट खाली असता बोटे मिटणाऱ्या कंडरा सैल पडतात. ओड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी 1992 साली मोजले, तेव्हा सर्वाधिक पकड मनगट सुमारे 35 अंश वर असता मिळाली. रेडियलच्या इजेत बोटे मिटणारे स्नायू शाबूत असतात, कारण ते मीडियन आणि अल्नर या दुसऱ्या मज्जातंतूंच्या अंमलाखाली असतात. मनगटाला आधार मिळताच ते कामाला लागतात, आणि पेला धरणे, भाकरीचा तुकडा मोडणे, पिशवी उचलणे त्याच दिवशी बऱ्याच अंशी साधते. ज्याला ‘मोकळा’ म्हणतात तो लोंबता हातच वापराविना पडून राहतो, सुजतो, आणि खाली वाकलेल्या स्थितीत आखडतो.

या भीतीला मूळ नाही असे मी म्हणत नाही. बोटांसकट सगळा पंजा आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये कोंडला तर सांधे ताठरतात, हे खरेच आहे. पण मनगटाचा स्प्लिंट तळहातावरील आडव्या रेषेच्या अलीकडेच संपला पाहिजे, बोटे व अंगठा मोकळे राहिले पाहिजेत, आणि दिवसातून अनेकदा तो काढून दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा पूर्ण हलवला पाहिजे. स्प्लिंट रेषेपलीकडे गेला असेल तर मूठ वळणार नाही. तो बनवणाऱ्याकडून कापून घ्यावा. अंगठ्यामागील त्वचेची संवेदना गेलेली असते, म्हणून तेथे लालसर वळ टिकून राहतो का, हे डोळ्यांनीच रोज पाहावे. असा स्प्लिंट बनवण्याचे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. त्या विद्येची शाळा कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केली, तेव्हा ती आपल्याकडे नवखी राहिलेली नाही.

उरलेल्या समजुतींना एकेक ओळ पुरे. स्प्लिंट मज्जातंतू बरा करत नाही; तो बरा होईपर्यंत हात सांभाळतो. गळ्यातली झोळी मनगट उचलून धरत नाही. अल्नरच्या इजेत बोटे नखीसारखी वळतात, तेथे मनगटाचा नव्हे, बोटांच्या मुळाशी आधार देणारा वेगळा स्प्लिंट लागतो. बोटांची टोके सरळ झाली म्हणून रेडियल परतला असे समजू नये, ते काम पंजातील लहान स्नायूही करतात. तेलाच्या मालिशीने तंतू लवकर वाढत नाही.

3-4 महिन्यांत मनगट उचलण्याची काहीच खूण दिसली नाही, तर शल्यचिकित्सकाकडे जाण्यास विलंब लावू नये, कारण हुकुमाविना दीर्घकाळ राहिलेला स्नायू पुढे तंतू पोहोचूनही उठत नाही. बर्कहॉल्टर यांनी 1974 साली याच प्रतीक्षेच्या काळात, तळहात खाली वळवणाऱ्या एका स्नायूची कंडरा मनगट उचलणाऱ्या कंडरेस जोडण्याचा पुरस्कार केला. ही जोडणी शरीराच्या आतून स्प्लिंटचे काम करते, आणि मग बाहेरचा काढून ठेवता येतो.