शाखेची निवड आणि आपले आर्थिक स्वावलंबन

आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका अर्थाने येतो आणि आपल्या जीवनात दुसऱ्या अर्थाने येतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन आहे, दुकान आहे, ओळखीपाळखी आहेत, त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक पैसा असा आहे. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की भाकरीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्यामागे हेच सूत्र होते. वतन म्हणजे उपजीविका नव्हे, ती गुलामगिरी आहे, हे त्यांनी ओळखले होते. कायद्याने ही कनिष्ठ वतने खालसा व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. बलुते मागणाऱ्या माणसाला गावात नाही म्हणता येत नाही. महिन्याचा पगार हाती येतो तेव्हाच त्याला नाही म्हणता येते. म्हणून आपल्या मुलाने दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी मुळात तो सामाजिक आहे.

परंतु हा प्रश्न आपल्याकडे ठरतो कसा? मध्यमवर्गीय घरात काका अभियंता असतो, मावशी बँकेत असते, आणि बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षांची नावे ठाऊक असतात. आपल्या वस्तीत जो मुलगा पहिल्यांदा दहावी होतो, तोच त्या घराचा मार्गदर्शक असतो. मग मित्र जिकडे गेला तिकडे तो जातो. जे महाविद्यालय एस.टी.च्या रस्त्यावर आहे ते त्याचे होते, ज्या शाखेत पुस्तके कमी लागतात ती त्याची आवड ठरते. याला निवड म्हणणे कठीण आहे. गणित सोडले की अभियांत्रिकीची आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शिक्षणाची दारे बंद होतात, हे त्याला बहुधा बारावीनंतर कळते.

याबाबत बाबासाहेबांचे चरित्र केवळ वंदनासाठी नव्हे, तर अभ्यासासाठी वाचले पाहिजे. १९१३ साली ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांना संस्थानची नोकरी करणे भाग होते. १९१७ मध्ये बडोद्यात एवढ्या मोठ्या विद्वानाला राहायला घर मिळाले नाही, आणि ती नोकरी सोडावी लागली. मग मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तोही जात कळताच बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगारातून काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला निघाले. अर्थशास्त्रातील डी.एस्सी.बरोबरच त्यांनी बॅरिस्टरीही पूर्ण केली. १९२३ पासून त्यांनी वकिली केली, आणि सुरुवातीची मिळकत अपुरी असल्याने एका अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्यावर तासही घेतले.

या क्रमात तीन गोष्टी दिसतात. पहिली, नोकरी हे त्यांनी साध्य मानले नाही, पुढच्या शिक्षणाचे भांडवल मानले. दुसरी, त्यांनी अखेर असा व्यवसाय निवडला की ज्यात सरकारवर टीका केल्यास उपजीविका जाणार नाही. तिसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. ज्या व्यवसायात गिऱ्हाईक जात पाहून परत जाते, तो व्यवसाय गुणवत्ता असूनही बुडू शकतो. आजही खेड्यात किराणा किंवा खानावळ काढणाऱ्या आपल्या तरुणाला हा अनुभव येऊ शकतो. ज्या कामात यंत्र, हिशेब किंवा परवाना बोलतो, त्यात जातीचा अडसर काही अंशी कमी होतो. तो संपतो असे नाही.

आता कला शाखेविषयी. दलित साहित्य ज्यांनी उभे केले त्यांपैकी कितीतरी जण कला शाखेचे पदवीधर होते, याचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. पण त्या काळी बी.ए., एम.ए. या पदव्यांच्या मागे एक शिडी उभी होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये आणि औरंगाबादचे (आताच्या छत्रपती संभाजीनगरचे) मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. पुढे गावोगाव महाविद्यालये निघाली, त्यांना मराठीचे, इतिहासाचे, अर्थशास्त्राचे अध्यापक हवे होते. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तेथेही राखीव जागा आल्या. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर ही शिडी हळूहळू काढून घेतली गेली. आज नेट किंवा सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला तरुण तासिका तत्त्वावर शिकवतो आणि सुटीच्या महिन्यात त्याला मानधन नसते. डी.एड.ची अवस्थाही तशीच झाली. विद्यालये भरमसाट निघाली, भरती वर्षानुवर्षे थांबली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, आणि नियुक्ती मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. दोष वाङ्‌मयाचा नाही. शिडी गेली आहे आणि आपण अजून जुन्याच भिंतीला टेकून उभे आहोत.

म्हणून कोणतीही शाखा घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिली कमाई किती वर्षांनी हाती येईल? मध्येच शिक्षण सुटले तर हातात काय उरेल? काम देणारा कोण असेल, सरकार, खाजगी मालक की गिऱ्हाईक? आणि त्या पहिल्या कमाईपर्यंत घर तग धरेल काय?

या कसोट्यांवर काही मार्ग तपासून पाहू. आय.टी.आय.ला आपल्याकडे कमी लेखले जाते. ही दृष्टी आपण वरच्या वर्गाकडून उसनी घेतली आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे दोन वर्षांचे आणि वेल्डर हा एका वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. रेल्वे आणि वीज कंपनीच्या काही पदांना हीच पात्रता लागते. शिवाय हा रस्ता येथे संपत नाही. दोन वर्षांच्या आय.टी.आय.नंतर तंत्रनिकेतनच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. ज्या घराला सात-आठ वर्षे थांबणे परवडत नाही, त्याच्यासाठी पायरीपायरीने वर नेणारा असा मार्ग मोलाचा आहे. उलट बारावीनंतर गणित कच्चे असताना कोठल्यातरी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात नाव घातले आणि दुसऱ्या वर्षी विषय राहिले, तर हाती काहीच लागत नाही. राज्यात १९८३ पासून अशी महाविद्यालये निघाली. त्यांतील प्रत्येक ठिकाणी शिक्षण सारखेच मिळते असे समजू नये.

परिचर्या आणि औषधनिर्माण यांत परवाना असतो, म्हणजे नोंदणीशिवाय ते काम दुसऱ्याला करता येत नाही. हे संरक्षण मोठे आहे. औषधनिर्माणाची पदविका बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची आहे. मुलींच्या बाबतीत तर या मार्गांचा विचार अधिक आस्थेने व्हावा, कारण त्यांना जातीबरोबर घरातल्या पुरुषसत्तेशीही सामना द्यावा लागतो. स्वतःच्या नावाच्या खात्यात जमा होणारा पगार हा त्यांचा पहिला हक्क आहे.

वाणिज्य शाखा आपण फार उशिरा ओळखली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मात्र १९५३ मध्ये वाणिज्य व अर्थशास्त्राचे आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय सुरू केले होते. नुसती बी.कॉम. पदवी रिकामी आहे, पण तिच्याबरोबर हिशेब लिहिणे आणि २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणे आले, तर तालुक्याच्या गावातही काम मिळते. सनदी लेखापालाची परीक्षा अवघड आहे. २०२३ च्या बदलानंतर तिची उमेदवारी दोन वर्षांची झाली आहे आणि ती पदवीसोबत करता येते. वकिलीत सुरुवातीची काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे तेवढ्या काळाची तरतूद आधी हवी.

स्पर्धा परीक्षांचा मोह हा स्वतंत्र विषय आहे. प्रशासनात आपली माणसे असली पाहिजेत, यात वाद नाही. पण राज्यसेवेची वयोमर्यादा मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत आहे, याचा अर्थ ४३ व्या वर्षापर्यंत पुण्यातल्या अभ्यासिकेत बसावे असा नव्हे. बापाने मजुरी करून पाठवलेल्या पैशावर किती वर्षे काढायची, याची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवावी, आणि हाताशी दुसरे कौशल्य असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

सवलतींचाही हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. सध्या तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. २०२१ च्या सुधारित दरांनुसार साधी पदवी करणाऱ्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५०० रुपये ठरला. एवढ्यात शहरात कोण जेवतो? ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज वेळेवर करावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती हातची जाते, हे विसरू नये. आणि जातपडताळणी बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी गावोगाव हिंडण्यात प्रवेशाची मुदत निघून जाते. अकरावीतच हे कागद गोळा करावेत.

कोणी म्हणेल, हा सगळा पोटाचा विचार झाला, चळवळीचे काय? हा आक्षेप वरवरचा आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या भाषणात शिकलेल्यांविषयी व्यथा बोलून दाखवली, ती त्यांनी नोकऱ्या केल्या म्हणून नव्हे, तर नोकरी मिळाल्यावर ते समाजाला विसरले म्हणून. ज्याचे पोट मालकाच्या मर्जीवर आहे, त्याच्याकडून गावातल्या अत्याचाराविरुद्ध साक्षीला उभे राहण्याची अपेक्षा आपण किती काळ करणार? लिहिणाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. दिवसा वीजजोडणी करणारा किंवा औषधे देणारा माणूस रात्री कविता लिहू शकतो, आणि ती लिहिताना त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

तेव्हा प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या माणसाने एवढे करावे: दहावीचा निकाल लागण्याआधी, चार मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बुद्धविहारात बसवून हे चार प्रश्न समजावून सांगावेत. जयंतीच्या वर्गणीइतकेच हेही आपले देणे आहे.