एजवुडची शाळा

शाळा कशी आहे, या प्रश्नाला निरनिराळी माणसे निरनिराळी उत्तरे देतात. विद्यार्थी आपल्या वर्गाविषयी, गुरुजींविषयी आणि खेळाच्या मैदानाविषयी सांगतो. पालकाच्या मनात मुलाच्या पुढच्या आयुष्याची चिंता असते. शाळेचा कारभार पाहणारा अधिकारी जमाखर्चाच्या वहीकडे बोट दाखवितो. प्रत्येकाला शाळेची एकेक बाजू दिसत असते. या साऱ्या बाजू एकत्र आल्या आणि त्यांना पुराव्याची जोड मिळाली, म्हणजे शाळेचे खरे स्वरूप उघड होते. प्रसंगी साऱ्या राज्याचा कायदाही त्यामुळे बदलतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात असे घडले. तेथील काही विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या शाळेविषयीचे मत निर्भयपणे मांडले आणि ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. त्यांची ही हकीकत आहे.

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत मुलांना फी द्यावी लागत नाही. या शाळांचा कारभार तेथील मध्यवर्ती सरकार पाहत नाही. प्रत्येक राज्याचे लहान लहान शालेय विभाग पाडलेले असतात आणि बहुतेक विभागांत लोकांनी निवडून दिलेले एक शाळामंडळ असते. शिक्षकांच्या नेमणुका, इमारतींची दुरुस्ती, दरवर्षीचा अंदाजपत्रकी खर्च यांचा निर्णय हे मंडळ करते. मंडळाच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात. शाळेविषयी काही गाऱ्हाणे असेल, तर पालक सभेत उभा राहून ते सांगू शकतो आणि मंडळाचे काम पसंत नसेल, तर पुढील निवडणुकीत दुसरे सभासद निवडून देऊ शकतो. शाळा ही गावाची आहे, ही भावना या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

शाळेला लागणारा पैसा मात्र तीन ठिकाणांहून येतो. काही रक्कम राज्य देते, थोडी मध्यवर्ती सरकार देते आणि उरलेली त्या त्या विभागातील घरे, जमिनी व कारखाने यांच्यावर पट्टी बसवून उभी केली जाते. ही व्यवस्था वरवर पाहता सरळ दिसते. परंतु तिच्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. ज्या विभागात टोलेजंग घरे आहेत, तेथे थोड्या दराने पट्टी बसविली तरी भरपूर पैसा जमतो. जेथे कामकऱ्यांची लहान लहान घरे आहेत, तेथे दर कितीही वाढविला तरी हाती फारसे काही लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबे शहरांच्या मध्यभागातून निघून उपनगरांत राहावयास गेली. घर विकत घेण्यापूर्वी ‘तेथील शाळा कशी आहे?’ अशी चौकशी करण्याची त्या देशात रीतच आहे. ज्या उपनगरातील शाळेविषयी लोकांचे मत चांगले असते, तेथे राहण्यासाठी अधिक लोक धडपडतात. त्यामुळे तेथील घरांच्या किमती वाढतात, पट्टीचे उत्पन्न वाढते आणि शाळा आणखी चांगली होते. दरिद्री वस्तीत याच्या नेमके उलट घडते. अशा रीतीने चांगल्या शाळेचे भाग्य उजळत जाते आणि दुबळी शाळा अधिकाधिक दुबळी होते.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो हे एक जुने व मोठे शहर आहे. त्याच्या पश्चिम भागात एजवुड नावाचा शालेय विभाग आहे. १९६७-६८ साली या विभागात २५ शाळा होत्या आणि सुमारे २२,००० मुले शिकत होती. त्यांपैकी जवळजवळ ९० टक्के मुले मेक्सिकन वंशाची होती. वस्ती कष्टकऱ्यांची होती. कारखाने आणि मोठ्या व्यापारी पेढ्या तेथे जवळपास नव्हत्याच. त्याच महानगरात अलामो हाइट्स हे सधन उपनगर होते. तेथील विभागात ६ शाळा होत्या आणि सुमारे ५,००० मुले होती. दोन्ही ठिकाणची मुले एकाच राज्याच्या कायद्याखाली शिकत होती. परंतु त्यांच्या शाळांत जमीनअस्मानाचे अंतर होते.

एजवुड माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना हे अंतर रोज सोसावे लागत होते. इमारत मोडकळीस आली होती. शिक्षणाचे साहित्य अपुरे होते. पूर्ण पात्रता असलेल्या शिक्षकांचा तुटवडा होता. १६ मे १९६८ या दिवशी त्या शाळेतील सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि मोर्चा काढून विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीकडे गेले. शाळेतून बाहेर पडणारी मुले सहसा अभ्यास चुकविण्यासाठी पडतात, असा लोकांचा समज असतो. एजवुडच्या मुलांची मागणी मात्र चांगल्या शिक्षणाची होती. त्यांना नीट शिकविणारे शिक्षक हवे होते आणि बसावयास धड वर्ग हवे होते.

मुलांच्या या कृतीने पालक जागे झाले. त्यांनी एक संघ स्थापन केला व सभा भरविल्या. त्यांत डिमेट्रियो रॉड्रिग्ज नावाचे एक गृहस्थ होते. ते केली येथील हवाईदलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. त्यांची मुले एजवुडच्या प्राथमिक शाळेत जात. त्या इमारतीचा वरचा भाग वापरण्यास धोक्याचा ठरला होता आणि छपराखाली वटवाघळांनी घर केले होते. आपण देशासाठी सैन्यात चाकरी केली, आपण नियमाने पट्टी भरतो, मग आपल्या मुलांच्या वाट्याला अशी शाळा का यावी, हा प्रश्न अशा पालकांना छळत होता.

प्रारंभी पालकांना वाटले की, विभागाचे अधिकारी पैशाची उधळपट्टी करीत असावेत. हे मत घेऊन ते आर्थर गॉचमन या वकिलांकडे गेले. वकिलांनी त्यांना समजावून सांगितले की, दोष निराळ्याच ठिकाणी आहे. अधिकाऱ्यांच्या हाती मुळात पैसाच फार थोडा येतो आणि जोपर्यंत पैसा उभारण्याची पद्धत बदलत नाही, तोपर्यंत कोणीही अधिकारी आला तरी शाळा सुधारणार नाही. पालकांनी हे म्हणणे ऐकून घेतले व आपले मत बदलले. या प्रकरणातील ही एक फार महत्त्वाची पायरी होय. शाळेची अवस्था वाईट आहे, हे त्यांचे निरीक्षण अगदी खरे होते; त्याचे कारण त्यांनी चुकीचे मानले होते. कारण चुकले असते, तर एखाद्या माणसाला दोष देऊन लढा तेथेच थांबला असता.

मग हिशेब मांडला गेला. १९६७-६८ साली एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे मालमत्तेची किंमत ५,९६० डॉलर होती. अलामो हाइट्समध्ये ती ४९,००० डॉलरांहून अधिक होती. एजवुडचे लोक १०० डॉलर किमतीच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट या दराने पट्टी भरीत. त्या साऱ्या महानगरात एवढा मोठा दर दुसऱ्या कोणत्याही विभागाचा नव्हता. अलामो हाइट्सचा दर केवळ ८५ सेंट होता. राज्याच्या सामाईक शिक्षणनिधीत भरावयाचा वाटा वजा जाता, एजवुडला या पट्टीतून दर मुलामागे २६ डॉलर मिळत; अलामो हाइट्सला ३३३ डॉलर मिळत. राज्याकडून पहिल्याला २२२ व दुसऱ्याला २२५ डॉलर येत. मध्यवर्ती सरकारकडून एजवुडला १०८ व अलामो हाइट्सला ३६ डॉलर येत. या साऱ्यांची बेरीज केली, म्हणजे एजवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर होतात. अधिक दराने पट्टी भरणाऱ्या गरिबांच्या पदरी कमी पैसा पडत होता.

पैशाचा हा फरक वर्गावर्गांतून दिसत होता. अलामो हाइट्सचे सर्व शिक्षक पदवीधर होते; एजवुडमध्ये १०० पैकी ८० च पदवीधर होते. एजवुडच्या सुमारे ४७ टक्के शिक्षकांची नेमणूक तात्पुरत्या परवान्यावर झालेली होती. अलामो हाइट्समध्ये असे शिक्षक ११ टक्केच होते. विद्यार्थी जे म्हणत होते, तेच आता आकडे सांगू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अलामो हाइट्सच्या पालकांनी कोणाचे काही लुबाडले नव्हते. आपल्या मुलांना उत्तम शिक्षण मिळावे, ही त्यांची इच्छा स्वाभाविक होती आणि आपल्या शाळेविषयी त्यांचे चांगले मत असणेही योग्यच होते. दोष नियमाचा होता आणि तो नियम कायद्याने घडविलेला असल्यामुळे त्याचा निवाडा न्यायालयातच होणे प्राप्त होते.

१९६८ च्या उन्हाळ्यात रॉड्रिग्ज व इतर पालकांनी राज्याविरुद्ध फिर्याद दाखल केली. एजवुड विभागाचे शिक्षणाधिकारी होसे कार्देनास यांनीही पालकांच्या पुष्टीसाठी प्रतिज्ञापत्र दिले. १९७१ साली तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. एजवुडमध्ये आनंद झाला. परंतु तो टिकला नाही. राज्याने वरच्या न्यायालयात दाद मागितली आणि २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. पाच न्यायाधीश राज्याच्या बाजूचे होते व चार पालकांच्या बाजूचे. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिला. देशाच्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क स्पष्टपणे सांगितलेला नाही; शाळांचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती राहणे इष्ट आहे; करपद्धतीत सुधारणा हवी हे खरे, परंतु ती करणे हे विधिमंडळांचे काम आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी याला विरोध केला. जन्मलेल्या वस्तीवरून मुलाच्या शिक्षणाची प्रत ठरणे हा अन्याय आहे, असे त्यांचे मत होते.

पाच वर्षांची खटपट अशी एका मताने वाया गेली. ज्या मुलांसाठी फिर्याद केली, ती मोठी होत चालली होती. तरीही रॉड्रिग्ज यांनी धीर सोडला नाही. देशाच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नसला, तरी टेक्सास राज्याच्या १८७६ च्या घटनेत तो आहे. लोकांत ज्ञानाचा प्रसार व्हावा म्हणून मोफत शाळांची कार्यक्षम व्यवस्था चालविणे हे विधिमंडळाचे कर्तव्य आहे, असे तीत सांगितले आहे. या आधारावर १९८४ साली राज्याच्या न्यायालयात नवी फिर्याद झाली. एजवुड विभाग आणि रॉड्रिग्ज हे दोघेही तिच्यात सामील होते. त्या वेळी राज्यातील सर्वांत श्रीमंत विभागात दर विद्यार्थ्यामागे १ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक मालमत्ता होती आणि सर्वांत गरीब विभागात केवळ २०,००० डॉलरांची. हे प्रमाण ७०० ला १ असे पडते.

२ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नऊच्या नऊ न्यायाधीशांचे एकमत झाले. शाळांना पैसा पुरविण्याची प्रचलित पद्धत राज्यघटनेला धरून नाही, असे त्यांनी ठरविले. त्यानंतरही विधिमंडळाचे काही प्रयत्न न्यायालयात टिकले नाहीत. अखेर १९९३ साली नवा कायदा झाला. त्यानुसार अतिश्रीमंत विभागांच्या संपत्तीचा काही भाग इतर विभागांच्या शाळांसाठी उपयोगात येऊ लागला. १९९५ साली न्यायालयाने हा कायदा मान्य केला. त्याने सारी विषमता नाहीशी झाली असे नाही आणि शाळांच्या पैशाविषयीचे वादही त्या राज्यात संपले नाहीत. तथापि गरीब वस्तीतील मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी साऱ्या राज्याची आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

डिमेट्रियो रॉड्रिग्ज २०१३ साली निवर्तले. त्यांच्या मुलांना नव्या कायद्याचा लाभ मिळाला नाही. तो पुढच्या पिढ्यांना मिळाला. १९६८ साली वर्गाबाहेर पडलेल्या मुलांनाही आपल्या मोर्चाचे फळ २५ वर्षांनी मिळेल, याची कल्पना नव्हती. त्यांनी जे पाहिले, ते सांगितले. त्यांच्या आईबापांनी ते ऐकले, त्याचे कारण शोधले आणि पुराव्यानिशी ते न्यायासनापुढे मांडले. मुलांच्या बोलण्याकडे त्या दिवशी कोणी लक्ष दिले नसते, तर जमाखर्चाच्या वहीतील ते आकडे तसेच पडून राहिले असते.