शौकाची जीप आणि मिस्त्रीचा हिशोब

हावडा-मुंबई मार्गावर नागपूर सोडून गाडी पूर्वेकडे निघाली की भंडारा रोड नावाचे स्टेशन लागते. नाव भंडाऱ्याचे असले तरी गाव वरठी. उतरल्यावर आधी दिसते ती सनफ्लॅग पोलाद कारखान्याची धुराडी. १९८४ साली स्थापन झालेली ही कंपनी घरबांधणीची सळई बनवण्यासाठी ओळखली जात नाही. मोटारगाड्यांना लागणारे मिश्र पोलाद आणि स्प्रिंगचे पोलाद ही तिची ओळख. याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. म्हणजे गाडीच्या पाट्याचे लोखंड आणि गाडीचा गिअर, दोन्ही भंडारा जिल्ह्याच्या मातीत घडतात. मात्र ज्या धंद्याविषयी आज लिहायचे आहे तो या कारखान्यांत नाही. तो रस्त्याकडेच्या टपरीत, लेथवर आणि वेल्डिंगच्या पडद्यामागे चालतो, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांची रोजी तिथलीच आहे.

हा धंदा म्हणजे शौकाच्या जीपचा. जुनी जीप, जिप्सी किंवा लष्करातून निघालेली जोंगा घ्यायची, ती उंच करायची, मोठे टायर चढवायचे आणि चिखलात, नाल्यात, डोंगरात घालायची. पूर्वी हा छंद चहाच्या मळ्यांच्या मालकांचा आणि शिकारी मंडळींचा समजला जाई. आता तो डॉक्टर, ठेकेदार आणि धान गिरणीवाल्यांच्या मुलांपर्यंत आला आहे. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'ची भारतीय स्पर्धा भरू लागली. मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ सालची. तिथे उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या तर कंपनीतून निघालेली गाडी आणि ही गाडी यांत नावापुरतेच नाते उरलेले दिसते. बाकी सगळे काम मिस्त्रीच्या हातचे.

जीपच्या घराण्याची एक गोष्ट आपल्या वाचकांना रंजक वाटेल. महिंद्र कंपनी १९४५ साली मुंबईत सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते, आणि तिचा धंदा पोलादाच्या व्यापाराचा होता. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पाटीवरचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. त्याच सुमारास कंपनीने अमेरिकेतील विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी करायला घेतली. पुढे आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी अनेक दशके देशभर धावली. तिचे बॉनेट उंच का, तर आतले नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते. कारखान्याने सरळ झाकणच वर उचलले! जीपमध्ये फेरफार करण्याची परंपरा अशी खुद्द कारखान्यापासूनची आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "चाचा, गाडी पाच इंच वर घ्या." त्याला वाटते पाटे बदलले की झाले. मिस्त्रीलाही कधी कधी तसेच वाटते, आणि तिथेच घाटा सुरू होतो.

जुन्या सीजे जीपमध्ये पाटे एक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते सोडवून एक्सलच्या वर बसवले की एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी मिळून गाडी सुमारे पाच इंच उचलली जाते. नवे पाटे घ्यावे लागत नाहीत, म्हणून हा उपाय स्वस्त वाटतो. पण एक्सलवर पाट्यासाठी नवी गादी वेल्ड करावी लागते, आणि तिचा कोन चुकला तर डिफरन्शियलचे तोंड भलतीकडे बघते. मग शाफ्टचे क्रॉस तिरपे चालतात, गाडी ठराविक वेगाला थरथरते आणि चार महिन्यांत क्रॉस संपतात. गाडी वर गेली म्हणून स्टेअरिंगचा रॉड तिरका होतो. खड्ड्यात चाक वर-खाली झाले की स्टेअरिंग आपोआप खेचले जाते. ब्रेकचे होज पाइप तोकडे पडतात, चाक पूर्ण लटकले की ताणले जातात आणि तुटतात. वर घेतलेल्या गाडीचा तोल वर सरकतो, वळणावर ती पूर्वीपेक्षा लवकर कलते. म्हणून पाच इंचांची मजुरी सांगताना गादी, शाफ्ट, स्टेअरिंगचा रॉड, होज पाइप आणि लांब शॉक ॲब्सॉर्बर या पाच कामांची मजुरी सांगायची असते. एकट्या पाट्याची सांगणारा मिस्त्री बाकीची चार कामे फुकटात करतो, किंवा करतच नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट.

पाट्याचे पोलाद साधे लोखंड नव्हे. सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमचे हे पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा साधारण ४५० ते ५०० अंशांची धग देऊन त्याला लवचिकपणा आणतात. हे पाणी कारखान्यात चढते. गल्लीत गॅसच्या टॉर्चने पाटा लाल करून कमान वाढवली, तर ते पाणी उतरते. आठवडाभर गाडी ताठ उभी राहते, महिन्याने बसते. कमान द्यायचीच तर थंड ठोकून द्यावी, आणि हे काम जुन्या पाटेवाल्या उस्तादांनाच जमते. हातोडा कुठे आणि किती पडायचा हे पुस्तकात मिळत नाही. पाट्यावर वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लावू नये, कारण पाटा पुढे तिथेच मोडतो. जुना यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. तो एकदा ताणला गेलेला असतो, दुसऱ्यांदा तितकाच धरेल याची हमी कोणी द्यायची?

टायरचे गणित गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवावे. सुमारे २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची चढवला तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जवळपास ११ टक्के जास्त अंतर कापते. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने चालत असते. इंजिनाला ओढ जड पडते आणि ब्रेकही तितकेच कमी धरतात. ज्या जीपला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत तिला आधी पुढे डिस्क बसवावेत आणि मगच मोठा टायर. आमचे स्पष्ट मत असे की गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी कामाचा क्रम ब्रेक, स्टेअरिंग, पाटे, टायर असाच ठेवावा, आणि इंजिन सर्वात शेवटी घ्यावे. शौकीन माणूस नेमका उलटा येतो, त्याला आधी इंजिनाचा आवाज हवा असतो.

भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतला चिखल ज्याने पाहिला आहे त्याला डिफरन्शियलचा खेळ समजावून सांगायला नको. एक चाक चिखलात मोकळे फिरते आणि दुसरे सुक्या जागेवर स्वस्थ उभे असते. डिफरन्शियल जोर देतो तो ज्याला अडचण कमी त्याच चाकाला. लॉक बसवला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. महिंद्रने २०१५ च्या थारमध्ये मागच्या एक्सलला आपोआप लागणारा लॉक दिला. जुन्या जीपसाठी काही मिस्त्री आतले लहान गिअर सरळ वेल्ड करून टाकतात. चिखलात ही युक्ती चालते, पण डांबरी रस्त्यावर अशी गाडी वळायला तयार नसते, टायर घासते आणि एक्सल शाफ्ट मोडते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे काम करून देऊ नये, गिऱ्हाइकाने हात जोडले तरी.

पाण्याचेही तसेच. नाल्यात उतरताना इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागीच खलास होते. हवेची नळी काचेच्या उंचीपर्यंत नेणे हे काम तुलनेने छोटे आहे. पण एक्सल आणि गिअरबॉक्सच्या श्वासाच्या नळ्या वर न्यायला बहुतेक जण विसरतात. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत येते. तेल दुधासारखे पांढरे झाले की समजावे.

जोंगाचा विषय वेगळा. निसानच्या परवान्याने ही गाडी जबलपूरला १९६९ ते १९९९ पर्यंत बनली, आणि तिचे नावसुद्धा तिथल्या लष्करी कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. जवळपास चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन म्हणजे टाकीला लागलेली गळतीच. म्हणून लिलावात ती घेणारे बरेच जण डिझेल इंजिन बसवत आले. इथे कायदा आडवा येतो, आणि तो भाग मिस्त्रीने स्वतः समजून घेतला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातील तपशील आणि कारखान्याने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच बनावटीचे, त्याच जातीचे इंजिन परवानगीने बदलता येते, गॅस किंवा बॅटरीचे मान्यताप्राप्त किटही बसवता येते. कुठलेही इंजिन कुठल्याही गाडीत, अशी मोकळीक मात्र नाही. पुढे लावायचे लोखंडी बंपरगार्डही केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवून राज्यांना कारवाईस सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

हा झाला मालकाचा भाग. उत्पादक, आयातदार किंवा डीलर यांनी नियमबाह्य फेरफार केला तर गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपला मिस्त्री म्हणेल, मी कुठला डीलर? पण याच कायद्याच्या व्याख्येत 'डीलर' या शब्दात चेसिसवर बॉडी बांधणारा आणि गाड्या दुरुस्त करणारा हेही येतात. पाच हजारांच्या मजुरीसाठी एक लाखाची जोखीम अंगावर घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

मग हा धंदा सोडायचा काय? मुळीच नाही. बंद मैदानावर किंवा स्पर्धेत चालणारी गाडी ट्रेलरवरून नेता येते. गोव्याला जाणाऱ्या अनेक गाड्या तशाच जातात. अशा गाडीचे काम घेताना बिलावर स्पष्ट लिहावे की ती सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, आणि मालकाची सही घ्यावी. रस्त्यावरच्या गाडीला ब्रेक, बुश, शॉक ॲब्सॉर्बर, तितक्याच मापाचे चांगले टायर, श्वासाच्या नळ्या, खालचे पत्र्याचे कवच एवढे जरी नीट केले तरी ती नागझिऱ्याच्या किंवा कोक्याच्या वाटेवर कुणाच्या मागे राहणार नाही. जंगल सफारीच्या जिप्सीला तर चारही बाजूंना पाटेच आहेत. मारुतीने सर्वसामान्यांसाठी जिप्सी बनवणे २०१९ च्या सुमारास थांबवले, त्यामुळे ज्या आहेत त्या टिकवणे हेच मोठे काम आहे. उलट २०२० च्या नव्या थारला पाटे नाहीत, मागेही कॉइल स्प्रिंग आहे. तिथे पाटेवाल्याचा हुनर कामाला येत नाही, तयार किट विकणाऱ्यांचा फायदा होतो. म्हणून शागिर्दाला आता कॉइल आणि वायरिंगचे कामही शिकवले पाहिजे.

आणखी एक दार २०२१ मध्ये उघडले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर ती सवलत नाही. एखाद्याच्या वाड्यात सत्तर सालापूर्वीची जीप उभी असेल आणि मुलगा ती कापून उंच करायला घेऊन आला, तर आधी मुलाला हे सांगावे. मूळ रूपात जुळवलेली जीप जास्त किमतीला जाऊ शकते, आणि पत्रा ठोकण्यापासून पितळी बुशापर्यंत तिच्यात हाताचे काम कितीतरी अधिक असते. सरकारी खात्यांच्या जुन्या जीपवर मात्र आता भरवसा ठेवू नये. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या नोंदणी रद्द होऊन थेट भंगारात जातात.

राहिला पैशाचा व्यवहार. शौकाचे गिऱ्हाईक दर रविवारी येऊन नवीन काहीतरी सुचवते, आणि जुना दर तसाच राहतो. प्रत्येक वाढीव काम वहीत तारखेसह लिहून त्याच वेळी रक्कम सांगावी. सामान गिऱ्हाइकाने स्वतः आणले तर नफा दुकानदाराचा आणि दोष मिस्त्रीचा, असे होते. अशा सामानाची जबाबदारी आपली नाही हे बिलावर लिहावे. दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी पहिल्याच अंदाजात धरावी, कारण असे काम एका खोलण्यात बसत नाही. आणि गाडी सोपवताना दोनशे किलोमीटरनंतरची तारीख देऊन गिऱ्हाइकाला परत बोलवावे. नवे यू-बोल्ट तोपर्यंत थोडे सैल झालेले असतात, ते पुन्हा आवळायचे राहिलेले असतात.