रानांतील मुक्कामासाठीं चारही चाकांच्या जोराची गाडी

चाकण, खेड, मावळ व हवेली या बाजूच्या शेतकरी कुटुंबांत हल्लीं एक नवी हौस दिसूं लागली आहे. सुगी आटोपली व मुलांच्या शाळांस सुटी लागली, म्हणजे तंबू, भांडीं व शिधा गाडींत घालून पवनेच्या जलाशयाकांठीं, भामा आसखेडच्या बाजूस किंवा भीमाशंकरच्या वाटेवर एकदोन रात्री सहकुटुंब काढावयाच्या. हौस वाईट नाहीं. परंतु तिच्यापायीं पंधरावीस लाख रुपये गुंततात, आणि कित्येक घरीं तो पैसा औद्योगिक वसाहतींत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा असतो. गेलेली जमीन परत येत नाहीं. तेव्हां बैल घेतांना आपण दांत, खूर व चाल पाहतों, तितकी पारख तरी येथें झाली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

ही गाडी शेतकऱ्यास परकी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली जीप १९४५ सालीं अमेरिकेंतील विलीज कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं म्हणून विक्रीस काढली. १९४८ सालीं इंग्लंडांत लँड रोव्हर निघाली, तीही शेतकामाचा हेतु धरूनच. आपल्याकडे महिंद्रा कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. २०१० पासून तिचा कारखाना चाकणास असून स्कॉर्पिओ-एन व थार रॉक्स या गाड्या तेथें तयार होतात. मात्र गाडी आपल्या बांधाशेजारीं तयार होते, एवढ्यावरून ती आपल्याला हवीच असें ठरत नाहीं.

प्रथम गरज ठरवावी. आपण जेथें जाणार, त्या वाटेचे सर्वांत वाईट पन्नास हात कोणते, तें पाहावें. डांबरी रस्त्यानें जाऊन कडेच्या मुरमाड जागेंत उतरावयाचें असेल, तर घरची साधी मोटार पुरते. ओल्या गवताचा चढ, काळ्या रानांतील चिखल, सुटे गोटे किंवा वाळू यांतून वाट असेल तरच चारही चाकांच्या जोराचा, म्हणजे लोक ज्यास 'फोर बाय फोर' म्हणतात त्याचा, खरा उपयोग.

ट्रॅक्टर चालविणारास ही रचना समजणें कठीण नाहीं. साध्या गाडींत इंजिनाचा जोर दोनच चाकांस मिळतो; येथें एका दांड्यानें किंवा खटक्यानें तो चारही चाकांस जोडतां येतो. त्यांतच 'लो' म्हणून एक जागा असते. तींत गाडी बैलाच्या चालीनें, पण सुमारें दुप्पट-अडीचपट ओढीनें चढते. एक चाक अधांतरीं राहिलें कीं जोर त्याच चाकांत फुकट जातो. ट्रॅक्टरचें चाक चिखलांत नुसतें फिरूं लागल्यावर आपण जो लॉक दाबतों, तसाच लॉक कांहीं गाड्यांस असतो. मात्र थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्या कोरड्या डांबरावर चारही चाकांस जोर लावून चालवूं नयेत. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. त्यामुळें यंत्रावर ताण पडून झीज होते.

नुसत्या नांवावर जाऊं नये. थार जानेवारी २०२३ पासून दोन चाकांच्या जोराचीही मिळते, आणि स्कॉर्पिओ-एनच्या कित्येक प्रकारांतही ही सोय नसते. तीन दारांच्या थारेंत चारच माणसें बसतात व मागें सामानास जागा थोडी. जिम्नी सुमारें बाराशे किलो वजनाची, म्हणून मऊ जमिनींत कमी रुतते. पण बैठक चौघांचीच. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्यास पुढें व मागें दोन्हीकडे लॉक आहे, व २०२४ पासून ती पांच दारांचीही मिळते. मात्र अंगानें अवजड आहे. घरांत माणसें किती व मुक्काम किती रात्रींचा, यावरून निवड करावी.

यानंतर वजनाचा हिशेब मांडावा. पांच माणसें ३२५ किलो, चाळीस लिटर पाणी ४०, तंबू व अंथरूण ४०, शिधा, भांडीं व शेगडी ३०, हत्यारें २५. एकूण ४६० किलो. रिकाम्या गाडीचें वजन व कंपनीनें ठरविलेलें भरल्या गाडीचें कमाल वजन यांतील फरकाशीं हा आंकडा ताडून पाहावा. जड वस्तु खालीं व बैठकीलगत बांधाव्या. छपरावर तंबू चढविल्यास बैलगाडींत कडबा उंच रचल्यासारखें होतें. आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें.

सरंजामांत पहिला मान टायरांचा. कंपनीनें सांगितलेल्या मापाचे, खोल खांचांचे टायर घ्यावे. वाळूंत हवा वीस पौंडांच्या आसपास उतरविली म्हणजे चाक पसरून रुतत नाहीं. परंतु डांबरावर येतांच ती पुन्हां भरावी लागते, म्हणून हवा भरण्याचा छोटा पंप जवळ पाहिजेच. फावडें, चाकाखालीं घालण्यास दोन फळ्या, जॅक, भरलेलें जादा चाक, आग विझविण्याचें नळकांडें, औषधांची पेटी व ओढण्याचा मजबूत पट्टा, एवढें पुरे. पट्टा कंपनीनें दिलेल्या हुकासच अडकवावा व ओढतांना मुलांस दूर उभें करावें. ताणलेला पट्टा किंवा हुक सुटल्यास प्राण घेतो.

याउलट पुढें लोखंडी गार्ड बसविण्याची चाल आहे. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें त्यांवर कारवाई करण्यास राज्यांस कळविलें. अशा गार्डामुळें एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें मूळ रचनेंत परस्पर फेरफार करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. चार चाकांचा जोर गाडीस पुढें नेतो, थांबवीत नाहीं. ओल्या घाटांत ब्रेक लागण्यास तिला साध्या गाडीइतकीच जागा लागते. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतें. म्हणून ओढा भरला असतां पलीकडच्या तंबूची आशा सोडावी. बंद तंबूंत कोळशाची शेगडी ठेवूं नये, व इंजिन चालूं ठेवून बंद गाडींत झोंपूं नये. त्या धुराचा विषारी वायु झोंपेंतच घात करतो. वनखात्याच्या हद्दींत परवानगीवांचून राहूं नये, आणि दुसऱ्याचें रान, मग तें पडीक असो, मालकास विचारल्याविना चाकाखालीं घालूं नये. आपल्या पिकांतून कोणी गाडी नेली तर आपल्याला कसें वाटेल, तें शेतकऱ्यास सांगावयास नको.

बयाणा देण्यापूर्वीं घरच्या सर्व मंडळींस बसवून, सामानाइतक्या वजनाचीं पोतीं घालून, विक्रेत्याची गाडी कच्च्या चढावर चालवून पाहावी. विक्रेता त्यास राजी नसेल, तर दुसरा विक्रेता पाहावा. घेतल्यावर पहिला सराव आपल्याच शेतांत, पीक निघाल्यावर, मुलांस घरीं ठेवून करावा.