वीज गेली तरी टेलिफोन कसा वाजायचा?

वीज गेली की दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच सारे एकदम बंद पडते. पण तारेचा जुना टेलिफोन? आजीआजोबांना विचारा. अंधारातही त्याची घंटा खणखणत असे. मग त्याला वीज कोठून मिळायची?

टेलिफोन केंद्रातून! तेथे विजेऱ्यांची मोठी रांग असते. तांब्याच्या दोन तारांवाटे सुमारे ५० व्होल्टचा दाब तुमच्या घरापर्यंत येतो. रिसीव्हर उचलला की विद्युतमंडल पूर्ण होते आणि २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. तुमच्या आवाजाबरोबर तो कमीजास्त होतो. म्हणजे ज्या तारांतून बोलणे जाते, त्यांतूनच वीजही येते.

एखाद्या प्रगत देशाने ही व्यवस्था सोडायची ठरवली तर? ब्रिटनने तसे ठरवले आहे. तेथील जुनी टेलिफोन यंत्रणा बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरवण्यात आली. तिची जागा इंटरनेट घेत आहे, आणि ते घरोघर पोचते आहे काचेच्या प्रकाशतंतूंतून.

केसासारखा बारीक असा हा तंतू प्रचंड माहिती वाहून नेतो. पण काच विद्युतरोधक आहे. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्या प्रकाशाची शक्ती असते काही मिलिवॉट; घरातल्या राउटरला लागतात सुमारे १० वॅट! म्हणून राउटर घरच्या विजेवरच चालवावा लागतो. वीज गेली की तो बंद, आणि त्यावरचा टेलिफोनही मुका.

ही गोष्ट किरकोळ नाही. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी 'आरवेन' वादळ ब्रिटनवर आदळले. दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काही हजार घरांत ती आठवडाभराहून अधिक काळ आली नाही. एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या गळ्यात तेथे मदतीचे बटण असते. ते दाबले की टेलिफोनवाटे मदत केंद्राला कळते. पण टेलिफोनच मुका असेल तर?

मोबाइल आहे ना, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच्या मनोऱ्यालाही वीज लागते. खिशातला रेडिओ दोन लहान सेलवर कित्येक तास बातम्या ऐकवील, पण त्यावरून हाक मारता येत नाही.

म्हणून ब्रिटनच्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने सांगितले, की जे घरच्या टेलिफोनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी ९९९ या तातडीच्या क्रमांकावर बोलता आले पाहिजे.

एक तास पुरेल का? गणित करा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची विजेरी ८४ वॅट-तास ऊर्जा देते, म्हणजे १० वॅटचा राउटर सुमारे ८ तास चालेल. मग आठवडाभरासाठी अशा किती विजेऱ्या लागतील? उत्तर काढा, म्हणजे टेलिफोन केंद्रातल्या त्या विजेऱ्यांचे मोल तुम्हांला कळेल.